पुंडलिकनगरात शांत बेडरूम करायची म्हणजे

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. थर्ड शिफ्ट करून सकाळी वाळूजहून गाडीवर घरी येत होतो. नगर नाक्याच्या अलीकडे डोळा लागला. लागला म्हणजे किती, दोन सेकंद असतील. डोळे उघडले तेव्हा मी दुभाजकाला टेकून बसलेलो आणि एक रिक्षावाला तोंडावर पाणी मारत होता. खांद्याजवळचं हाड मोडलं. मागे कोणी बसलेलं नव्हतं आणि मागून ट्रक येत नव्हता, म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

डॉक्टरांनी प्लास्टरच्या आधी एकच प्रश्न विचारला, "झोपता किती तास?"

मी म्हणालो, "सहा-सात."

बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "खोटं नका बोलू. तुकड्या तुकड्यांनी चार तास तरी होतात का?"

घरी आल्यावर तिने ठरवलं, बेडरूम नीट करायची. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिच्या डोक्यात एक चित्र तयार झालेलं होतं. फिका रंग, मंद उजेड, कोपऱ्यात एक झाड, पांढरी चादर. ओळखीतून एक इंटिरिअरवाले आले, टेपने खोली मोजली आणि कोटेशन दिलं. पीओपीचं सिलिंग, त्यात पट्टीचे लाइट, एका भिंतीला वॉलपेपर, हायड्रॉलिकचा बेड, कपाट. दोन लाख चाळीस हजार. खोली दहा बाय दहा.

आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून विषय तिथेच थांबला. पण मी दीड महिना हात गळ्यात अडकवून घरी होतो. काम काही नाही. मग पोरीची एक अर्धी उरलेली वही घेतली आणि एकच गोष्ट लिहायला सुरुवात केली. जाग कशाने आली? तारीख, वेळ आणि कारण. बस.

तीन आठवड्यांनी वही वाचली तेव्हा कळलं, त्या दोन लाख चाळीस हजारांतून त्यातलं जवळजवळ एकही कारण गेलं नसतं.

पहिलं कारण उकाडा. आपल्याकडे घरं कशी आहेत ते सांगायला नको. वीस बाय तीसचा प्लॉट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, मागे हातभर बोळ, हवा यायला फक्त रस्त्याकडची खिडकी. वर स्लॅब. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्यावर ओततो. बाहेर बारा वाजता वारा सुटलेला असतो आणि आत पंखा स्लॅबजवळची गरम हवाच खाली ढकलत असतो. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. वरून भट्टी असेल तर ते उतरणार कसं?

माझ्या आजोळी पैठण तालुक्यात माळवदाचं घर होतं. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर माती. मे महिन्यात दुपारी आत गेलं की अंगावर गारवा यायचा, रात्री सगळे माळवदावर झोपायचे. आता कोणी म्हणेल, पुन्हा तशी घरं बांधा. मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला अशाच जड भिंतींनी आणि छपरांनी झोपलेल्या माणसांना गाडलं. सिमेंट आलं ते चांगलंच झालं. फक्त सिमेंटबरोबर ऊन अडवायची जी अक्कल लागते ती आपण घेतली नाही.

दुसरं कारण पाणी. शहराला पाणी जायकवाडीहून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून उपसून. वर्षानुवर्षं भार ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या वाहिन्यांवर. वाहिनी फुटली किंवा तिकडे वीज गेली की सगळ्या शहराचं वेळापत्रक पुढे सरकतं. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी येतं आणि कधी येईल याचा नेम नाही. वहीत रात्री १:४०, ३:१०, ११:५५ अशा नोंदी आहेत. ज्या रात्री येणार असं वाटतं त्या रात्री बायको झोपतच नाही. नळाखाली स्टीलची बादली ठेवते, म्हणजे पहिल्या थेंबाचा आवाज व्हावा. मग एकेका घराची मोटार सुरू होते. आमचीही. आमची मोटार कुठे होती सांगू? बेडरूमच्या खिडकीखाली, भिंतीला चिकटून. चालू झाली की पलंगाचा पाय थरथरायचा.

तिसरं कारण डास, आणि यात एक गोष्ट मला नव्याने कळली. पाणी आठ दिवसांनी येतं म्हणून आपण टिपाडं भरून ठेवतो. त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो आणि तो दिवसा चावतो. म्हणजे रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस त्याच्या बरोबर तावडीत. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा असं सांगतात. बरोबरच सांगतात. पण पुढचं पाणी कधी येणार हे माहीत नसताना कोणती बाई भरलेलं टिपाड ओतून देईल?

चौथं कारण उजेड. समोरच्या खांबावरचा एलईडी थेट उशीवर. आणि माझ्यासारख्याला तर सकाळी आठ ते दुपारी दोन हीच रात्र.

पाचवं कारण आवाज. हे सगळ्यात जास्त पानं खाऊन बसलं होतं. त्यातले निम्मे आवाज आमच्याच घरातले होते. इन्व्हर्टरची शिट्टी, घड्याळाची टिकटिक, मोबाईलची थरथर. बाकीचे बाहेरचे. वरात, रात्री बाराचे वाढदिवसाचे फटाके, जागरण-गोंधळ, कुठलं तरी उद्घाटन, कुठली तरी जयंती, भोंगे, गल्लीतून हॉर्न दाबत जाणाऱ्या गाड्या. मी कोणा एकाचं नाव घेत नाही. वहीत सगळ्या धर्मांचे, सगळ्या जातींचे आणि सगळ्या पक्षांचे आवाज आहेत. त्याबाबतीत आपल्याकडे पूर्ण समानता आहे.

वही बायकोला दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे वॉलपेपर नको."

मग आम्ही जे केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर होईल.

आधी खोली रिकामी केली. गव्हाची कोठी, शिलाई मशीन, माळ्यावरच्या तीन बॅगा, पाहुण्यांच्या गाद्या, इन्व्हर्टर, सगळं बाहेर. इन्व्हर्टर जिन्याखाली गेला. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. मोबाईलचं चार्जिंग हॉलमध्ये. याला एक रुपया लागला नाही, फक्त दोन दिवस भांडणं झाली. मोरपंखी भिंतीला साधा पांढुरका रंग मीच दिला, डाव्या हाताने, म्हणून कडा वाकड्या आहेत.

गच्चीवर चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात दिले. पांढरा स्लॅब ऊन परत पाठवतो. अहमदाबादने उष्णतेसाठी जो आराखडा केला त्यात गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचा कार्यक्रम आहे, म्हणजे ही काही माझी कल्पना नाही. चुना दरवर्षी होळीच्या आसपास पुन्हा द्यावा लागतो, पावसात उतरतो. पहिल्याच रात्री फरक कळला. पूर्वी पलंगावर उभं राहून छताला हात लावला की तव्यासारखं लागायचं, आता कोमट लागतं.

खिडकी आम्ही उलटी वापरत होतो. दिवसा उघडी, रात्री डासांमुळे बंद. आता उन्हाळ्यात दिवसा बंद आणि पडदा ओढलेला, रात्री जाळी लावून उघडी. मागच्या स्वयंपाकघरात एक एक्झॉस्ट पंखा लावला आणि गच्चीकडचं दार रात्री जाळी लावून उघडं ठेवतो. गरम हवा जिन्याने वर निघून जाते आणि पुढच्या खिडकीतून बाहेरची थंड हवा आत येते. कूलर आहे, पण कूलरला पाणी लागतं, आणि पाण्याची गोष्ट वर सांगितलीच. पाहुणे यावेत तसा तो आमच्याकडे अधूनमधून चालतो.

मोटार भिंतीपासून सोडवून बोळात नेली आणि खाली जुन्या टायरचे दोन थर दिले. भिंतीतून येणारी थरथर गेली. शेजाऱ्याच्या टीव्हीकडची जी भिंत, तिथे लोखंडी कपाट लावून आत वाकळा आणि कपडे गच्च भरले आणि उशी समोरच्या बाजूला नेली. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप. गडद जाड पडदा घेतला, मच्छरदाणी घेतली. सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आत.

झोप वाढली. चार तासांची साडेपाच झाली. पोस्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पण वही मी चालू ठेवली होती. आता वहीत फक्त दोनच कारणं उरली. रात्रीचं पाणी आणि बाहेरचा दणका. डीजेचा तो खालचा धम धम आवाज पडद्याने थांबत नाही, वाकळेने थांबत नाही. तो भिंतीतून, पलंगातून, बरगड्यांतून येतो. त्यावर खोलीच्या आत काही इलाज नाही. झोपेचा निम्मा भाग खोलीत ठरतो आणि निम्मा गल्लीत.

तेव्हा गल्लीत गेलो. गणपतीच्या आधी मंडळाच्या पोरांना भेटलो. चांगली पोरं आहेत, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला हीच येतात. मी माझं पुराण सांगितलं, खांदा दाखवला. त्यातला एक म्हणाला, "काका, राग नका मानू. पण तुमच्या भाच्याच्या बड्डेला रात्री बारा वाजता कोणी फटाके फोडले होते?"

मीच फोडले होते. गल्लीच्या तोंडावर, पूर्ण एक माळ. समोरच्या मावशींना बीपीचा त्रास. त्या दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "झाला का छान वाढदिवस?" मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

पोरांपुढे मान खाली घालून कबूल केलं. मग बोलणं सोपं झालं. गल्लीतली चौदा घरं एका कागदावर लिहिली. पाच घरांत कोणी ना कोणी रात्रपाळीला जातं, वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा. दोन घरांत तान्ही बाळं. तीन घरांत दहावी-बारावी. एक मावशी. पोरांनाही हा कागद बघून आश्चर्य वाटलं, कारण त्यातल्या दोघांचे बापच दिवसा झोपणारे होते. ठरलं ते असं. दहानंतर स्पीकर बंद. स्पीकरची तोंडं मंडपाच्या आत. सकाळी आरतीनंतर दुपारी एकपर्यंत गाणी नाहीत. गल्लीत मध्यरात्रीचे फटाके कोणीच फोडायचे नाहीत, आमच्यासकट. दहापैकी आठ दिवस पाळलं. विसर्जनाच्या दिवशी डीजे आलाच. एकाने येऊन सांगितलं, "काका, एकच दिवस आहे." मी त्या दिवशी सुट्टी टाकली.

आता कायद्याचं थोडं, कारण आपल्यात एक गैरसमज आहे की दहाच्या आत काहीही चालतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. म्हणजे दिवसालाही मर्यादा आहे. सणावाराला रात्री बारापर्यंत सवलत देता येते, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. रहिवासी भागात रात्री आवाजाचे फटाके आणि गरज नसताना हॉर्न यांनाही मनाई आहे. डेसिबलचं गणित आपल्या साध्या गणितासारखं नसतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ च्या जागी ९५ म्हणजे दुप्पट नव्हे, दहा हजार पट.

आणि एक गोष्ट मला वाचून बरं वाटलं. दिल्लीत जून २०११ मध्ये रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर पोलीस कारवाई झाली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल दिला, त्यात झोपेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. म्हणजे आपण झोप मागतो ते काही लाड नाहीत.

कायदा आहे म्हणून मी रोज ११२ ला फोन लावतो का? नाही. शेजाऱ्याविरुद्ध फोन लावला की झोप मिळते आणि शेजार जातो. म्हणून आधी बोला. बोलून नाही झालं तर मग फोन.

आता मागण्या, कारण पोस्ट बेडरूमची असली तरी काही गोष्टी बेडरूमच्या मालकाच्या हातात नाहीत.

एक. पाण्याची वेळ आदल्या दिवशी मोबाईलवर कळवा. रोज द्या असं आज म्हणतच नाही. नवी योजना २०१९ मध्ये १६८० कोटींची मंजूर झाली, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं, खर्च २७४० कोटींवर गेला. अडीच मीटर व्यासाची ती वाहिनी पूर्ण ताकदीने चालेल तेव्हा चालेल. पण वेळ कळवायला वाहिनी लागत नाही, मेसेज लागतो. शक्यतो रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये पाणी सोडू नका. सोडावंच लागलं तर प्रत्येक वेळी त्याच गल्लीवर रात्र येऊ देऊ नका, पाळी फिरवा. व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारीही त्या रात्री जागाच असतो, त्याचीही सोय होईल.

दोन. सवलतीचे पंधरा दिवस चौकाचौकात फलकावर लावा. म्हणजे सोळाव्या दिवशी कोणाला विचारावं लागणार नाही.

तीन. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून आणि बाजूने झाकण बसवा. उजेड रस्त्यावर पाहिजे, उशीवर नको.

चार, हे कंपन्यांसाठी. शिफ्ट फिरवायचीच तर फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमाने फिरवा. उलट्या क्रमाने फिरवली की शरीराला जास्त जड जातं. आणि थर्ड शिफ्टच्या माणसाला सकाळी ओव्हरटाइमला थांबवू नका. माझ्यासारखे किती जण सकाळी सातला नगर नाक्यावरून अर्धवट झोपेत जातात, ते तिथे उभं राहून बघा.

पाच, आपल्यासाठी. गच्चीला चुना द्या. मोटारीखाली टायर ठेवा. बारा वाजताचा केक घरात कापा.

ती वही अजून चालू आहे. परवाच्या रात्रीची नोंद २:२० ची आहे. कारण पाणी. बायको उठली, मी पण उठलो. मोटार लावली, बोळातून हलका आवाज येत राहिला, पोरगी झोपेतच कूस बदलून पुन्हा झोपली. तिचं यंदा बारावीचं वर्ष आहे. मोटार खिडकीखाली होती तेव्हा ती दर वेळी दचकून उठायची.

तुम्हीही हे करून बघा. पुढचे सात दिवस उशाशी वही-पेन ठेवा आणि फक्त एवढंच लिहा, जाग कशाने आली. आमच्या गल्लीतले आम्ही येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता मंडळाच्या ओट्यावर बसणार आहोत. शेजारच्या गल्ल्यांतल्यांनीही आपापल्या वह्या घेऊन या. सगळ्यांच्या नोंदींचा एक कागद करू आणि जिथे द्यायचा तिथे मिळून देऊ. एकट्याची तक्रार म्हणजे कटकट, चाळीस घरांची वही म्हणजे पुरावा.

थर्ड शिफ्टवाल्यांनो, सहा वाजताची वेळ मुद्दाम ठेवली आहे. झोप पूर्ण करून या.